उपड्या कुंड्या

१

तिला घरात सगळे ससुली म्हणत, आणि ते नाव उगीच पडलेलं नव्हतं. टोस्टरमधून पाव उडाला की ही त्याच्यापेक्षा उंच उडायची. दाराची बेल वाजली की आधी हातातला कप सांडायचा, मग पाय दाराकडे वळायचे. एकदा तर आरशांच्या दुकानात समोरून येणाऱ्या मुलीला तिने घाबरून बाजूला होत वाट करून दिली होती, आणि ती मुलगीही तितक्याच अदबीने बाजूला झाली होती. ही गोष्ट बाबांनी सांगून सांगून गुळगुळीत केली होती.

अशा मुलीला दूरच्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं. नकाशे तयार करणारी कंपनी, तिच्या शिक्षणाला साजेसं काम, आणि कामाचं नुसतं नाव काढलं तरी हिचे डोळे चमकायचे. फक्त राहायचं एकटीने. बाबा काही वाईट नव्हते, लेकीच्या काळजीने पोखरलेले होते इतकंच. ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ससुलीच्या आत्याने, डेलियाची झाडं बांधताना स्टुलावरून पडून पाय मोडून घेतला, आणि बाबांना तोडगा सापडला. फुलांचं प्रदर्शन तोंडावर आलेलं, आत्याचा पाय प्लास्टरमध्ये, बाग वाऱ्यावर.

“जा ताईकडे,” बाबा म्हणाले. “प्रदर्शन पार पडेपर्यंत तिची बाग सांभाळ. ‘बाबा, मला भीती वाटते’ असा एकही फोन आला नाही, तर त्या नोकरीला खुशाल होकार कळव. सामान मी स्वतः बांधून देईन.”

ससुलीने हात पुढे केला. बाबांनी टाळी दिली. टाळीच्या आवाजाला ती दचकली, पण ते दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

२

आत्याने उभी हयात शाळेत कवायत शिकवण्यात घालवली होती. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून ती स्वयंपाकघराच्या रुंद खिडकीत बसायची, मांडीवर शब्दकोडं, आणि तिथून बाग चालवायची. लांब शिट्टी म्हणजे पाणी. दोन शिट्ट्या म्हणजे ती कळी नको, तिच्या शेजारची. आणि एक आखूड, कडक शिट्टी म्हणजे रांगेत या. ही शेवटची झाडांसाठी कशाला, असं ससुलीने विचारलं, तर आत्या म्हणाली, असू दे, लागते कधीतरी.

बाग मात्र अशी होती की भित्र्या माणसालाही तिथे गाणं म्हणावंसं वाटावं. डेलियाची झाडं ससुलीच्या खांद्याला लागत होती. लिंबाएवढी गच्च गोल फुलं, चांदणीसारखी टोकदार फुलं, शेंदरी, पिवळी, आणि एक इतकं काळपट लाल की सावलीत ते दिसायचंच नाही, एकदम नाकासमोर यायचं. मागच्या भिंतीलगतच्या रांगेत आत्याचं लाडकं झाड होतं. त्याला ती हेडबाई म्हणायची. फिकट गुलाबी, पाकळ्यांची टोकं पांढरी, फूल पूर्ण उमललं की जेवणाच्या ताटाएवढं. प्रदर्शनात हेडबाईचंच फूल जायचं होतं. म्हणून तिच्या फांदीच्या टोकाला एकच कळी ठेवून बगलेतल्या सगळ्या खुडायच्या, म्हणजे झाडाचा सगळा जोर त्या एकीत जातो. डेलियाची कळी कापून पाण्यात ठेवली तर उमलत नाही, जे काय व्हायचं ते झाडावरच होतं. त्यामुळे घाईला इथे जागा नव्हती. खुडताना ससुलीचा जीव तुटायचा. आत्या खिडकीतून सांगायची की अगं, लाड सगळ्यांचे केले तर एकही शिकत नाही.

प्रत्येक झाडाशेजारी आधाराला एक बांबूची काठी होती आणि प्रत्येक काठीच्या टोकावर मातीची एक छोटी कुंडी उपडी घातलेली. कुंडीत सुकं गवत कोंबलेलं. हा डेलियावाल्यांचा जुना उपाय. शेपटीला चिमटा असलेले तपकिरी किडे रात्रभर पाकळ्या कुरतडतात आणि उजाडलं की अंधारी जागा शोधतात. कुंडीत शिरतात आणि फसतात. सकाळी कुंडी उतरवायची, बादलीच्या काठावर आपटायची, टक्, गवत झटकायचं, कुंडी पुन्हा काठीवर. शिवाय एक नियम.

“काठी उघडी ठेवायची नाही,” आत्या म्हणाली. “कुंडी हवीच. वाकताना टोक डोळ्यात जातं.”

ससुलीला हे पटलं. तिला अशा गोष्टी लगेच पटायच्या.

लांबून पाहिलं की त्या कुंड्या टोप्यांसारख्या दिसत. पानांच्या गर्दीतून टोप्या घालून कुणी कुणी उभी आहेत, असं. सकाळी खिडकी उघडली की आत्या मोठ्याने “सुप्रभात मंडळी” म्हणायची. ससुलीला तो विनोद फार आवडला. तीही म्हणू लागली.

३

तिला काम जमायला लागलं होतं. हाताला कळ्या कळू लागल्या, किड्यांची किळस गेली. एका ढगाळ सकाळी ती नेहमीसारखी रांगेतून कुंड्या उतरवत चालली होती. मातीची कुंडी सकाळी कशी असते, तर गार, दवाने किंचित ओली. तशाच होत्या सगळ्या. हेडबाईच्या शेजारची सोडून.

ती गरम होती.

चटका बसावा इतकी नाही. नुकत्याच कुणीतरी डोक्यावरून काढलेल्या टोपीत हात घातला की लागते, तशी ऊब. ससुलीने कुंडी उलटी केली. आत एकही किडा नव्हता. गवत मध्यभागी दबून गुळगुळीत खळगा झाला होता.

तिने कुंडी घाईघाईने काठीवर परत घातली. मग तिने स्वतःलाच समजावलं की बाई गं, तू पदवीधर आहेस, मातीच्या भांड्याला घाबरू नकोस. ती आत गेली, हात धुतले, आणि सहज विचारावं तसं म्हणाली की एक कुंडी जरा कोमट लागली.

आत्याने शब्दकोड्यातून मान वर केली नाही.

“ऊन लागलं असेल,” ती म्हणाली.

ससुलीने खिडकीतून आकाशाकडे पाहिलं. बागेची मागची भिंत उंच होती, उघडीप असली तरी त्या रांगेला दुपारशिवाय ऊन मिळत नसे. आज तर उघडीपही नव्हती. पण आत्या म्हणाली आणि तिने मान डोलावली. टोस्ट खाल्ला, जॅमही जरा जास्तच लावला.

४

त्यानंतर रोज एक कुंडी गरम लागायची. फक्त एकच, आणि रोज तीच नाही. कधी शेंदरी फुलांजवळची, कधी दाराजवळची, पण बहुतेक वेळा हेडबाईच्या शेजारची. आणि जिथली कुंडी गरम, तिथल्या फुलांची एकही पाकळी कुरतडलेली नसायची.

शेजारच्या गल्लीतले पोस्टमास्तर संध्याकाळी कुंपणापाशी यायचे. नोकरीतून ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण प्रदर्शनाचा चषक काही त्यांच्या घरातून निवृत्त व्हायला तयार नव्हता. या वर्षी किड्यांनी त्यांच्या पाकळ्यांची चाळण केली होती. तुमच्याकडे काय जादू आहे हो, असं ते पुनःपुन्हा विचारत आणि हेडबाईची कळी डोळ्यांनी मापून घेत. आत्या म्हणायची की शिस्त आहे आमच्याकडे, बाकी काही नाही. मग दोघं शाळेतल्या पोरांसारखी एकमेकांना टोमणे मारत बसायची आणि ससुली हसून हसून कुंपणाला टेकायची.

पण सकाळी कुंड्यांकडे जाताना हसू गळून पडायचं. तिने कारणं शोधली. ओलं गवत कोंबून ठेवलं तर आतल्या आत तापतं, हे तिने वाचलं होतं. तिने सगळं गवत बदलून कोरडं खडखडीत भरलं. कुंडी गरमच. मांजर बसत असेल, असा विचार करून पाहिला. पण काठीच्या टोकावरच्या उपड्या कुंडीच्या आत मांजर कसं बसणार, याचं उत्तर मांजरालाही देता आलं नसतं.

एकदा फोन हातात घेऊन तिने बाबांचा नंबर लावला. पहिल्या घंटीलाच त्यांनी उचलला, म्हणजे वाटच पाहत बसले होते. काय गं, सगळं ठीक ना, त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात काळजीच्या बरोबरीने एक आशाही होती. लेक परत येईल ही आशा. ससुली म्हणाली, ठीक आहे बाबा, कळी उमलायला आली हे सांगायला केला. झाकली मूठ तिने आणखी घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी ती हेडबाईशेजारची गरम कुंडी हातात धरून उभी होती, तेव्हा तिच्या पाठीमागे आवाज झाला. टक्. बादलीच्या काठावर कुंडी आपटावी तसा. बादली तिच्या पायाशी होती. आवाज पानांच्या पलीकडून आला होता.

हातातली कुंडी सुटली, वाटेच्या फरशीवर पडली आणि तिचे तुकडे झाले.

पानांच्या पलीकडे कुणी नव्हतं. आत्या खिडकीत झोपून गेली होती, चष्मा नाकावर. जास्तीची कुंडी घरात नव्हती आणि रोपवाटिकेला त्या दिवशी सुट्टी होती. एका दिवसाने काय बिघडतंय, ससुलीने मनाशी म्हटलं, मी वाकताना जपेन. तिने तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले. हेडबाईच्या शेजारची काठी उघडीच राहिली.

५

सकाळी उठून तिने सवयीने उशाशी हात लांबवला. तिच्या खोलीत पलंगाशेजारी छोटा दिवा होता, त्याच्यावर पिवळ्या कापडाची, घडीघडीची टोपी. दिव्याचं बटण चाचपताना तिची बोटं थेट काचेच्या बल्बला लागली.

टोपी नव्हती.

तिने पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. खोलीचं दार आतून लावलेलं होतं, कडी जागेवर होती. खिडकी फटीएवढी उघडी होती, ती तिनेच वाऱ्यासाठी ठेवली होती. उशीवर दिव्याच्या बाजूला एक सुक्या गवताची काडी पडलेली होती. ससुलीने ती बोटांच्या चिमटीत उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

स्वयंपाकघरातून आत्याचं हसणं ऐकू आलं.

ती पळतच गेली. आत्या खिडकीबाहेर बोट दाखवत होती. हेडबाईच्या शेजारच्या काठीवर पिवळ्या कापडाची टोपी होती, किंचित तिरकी, ऐटीत घातल्यासारखी. हवा चालत नव्हती, तरी तिच्या कडेची झालर हलत होती.

“शोभते की,” आत्या म्हणाली. “कुणाचं डोकं चाललं हे? तुझं?”

ससुलीने मनात पटकन हिशेब केला. आत्ता खरं बोललं तर आत्या बाबांना सांगेल, बाबा दुपारपर्यंत दारात हजर होतील, आणि दूरच्या शहरातलं ते टेबल, त्याच्यावरचे नकाशे, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी होईल.

“हो,” ती म्हणाली. “कुंडी फुटली माझ्या हातून. काठी उघडी नको म्हणून.”

आत्याचं हसणं थांबलं. तिने ससुलीकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. कवायतीला उभं केलेल्या मुलीच्या टाचा जुळल्या आहेत की नाहीत हे पाहावं तसं.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “आज रोपवाटिका उघडली की कुंडी घेऊन ये. आणि ती टोपी काढताना ओढू नकोस. हळूच उचल. जरा थांबून उचल.”

ससुलीने तशीच उचलली. आतून ती ऊबदार होती, तिच्या उशीसारखी. आणि तिला उशीसारखाच वास येत होता, तिच्या स्वतःच्या शाम्पूचा.

नवी कुंडी तिने दुपारच्या आत आणली, गवत मऊ करून भरलं आणि काठीवर घातली. दिव्याची टोपी धुऊन दोरीवर वाळत टाकली. मग का कोण जाणे, पण कुंडीकडे पाहून ती हळूच म्हणाली, चुकलं माझं. एवढं बोलल्यावर तिला भूक लागली.

६

हेडबाई प्रदर्शनाच्या सकाळी पूर्ण उमलली. आदल्या संध्याकाळपर्यंत मधल्या पाकळ्या मिटलेल्या होत्या आणि आत्याने काळजीने शब्दकोड्याचा कागद दाताने कुरतडला होता. उजाडता उजाडता ससुली कात्री आणि कोमट पाण्याची बादली घेऊन बागेत गेली. धुकं होतं. पांढऱ्यात रंगांचे ठिपके, आणि त्यांच्या मधून टोप्या.

ती रांगेच्या टोकाला पोहोचली. फूल असं होतं की पाहणाऱ्याने आपोआप आवाज खाली आणावा. शेजारी नवी कुंडी होती. ससुली दांडा कुठे कापायचा ते पाहायला वाकली. कुंडी तिच्या कानापाशी आली. वाकताना डोळा जपायचा, म्हणून तिने काठीकडे पाहिलं.

कुंडीखाली काठी नव्हती.

काठी हातभर पलीकडे होती, उघडी, टोक वर. कुंडी मात्र काठीच्याच उंचीला, पानांच्या मधोमध, आपल्या जागी स्थिर होती. तिच्या कडेखाली गवताच्या काड्या लोंबत होत्या आणि त्या काड्या आत ओढल्या जात होत्या, बाहेर येत होत्या, पुन्हा आत. शांतपणे. झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर केसांची बट हलते ना, तसं. त्यांच्या खाली पानं दाट होती. दोन पानांच्या फटीतून काहीतरी दिसत होतं, कंदाच्या सालीसारखं तपकिरी, सुरकुतलेलं, आणि त्यावर दव नव्हतं.

मग कुंडी वळली. कुणी हाक मारल्यावर मान वळते, इतकीच.

ससुलीच्या घशात किंकाळी तयार होती. ती बाहेर आली असती तर फूल हातातून गेलं असतं, दांडा मोडला असता, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही. तिने कात्री घट्ट धरली. तोंड उघडलं आणि जे सवयीचं होतं तेच बाहेर पडलं.

“सुप्रभात,” ती म्हणाली. आवाज चिरकला, पण म्हणाली.

खिडकीतून एक शिट्टी आली. आखूड, कडक.

पानं सळसळली. टक्. ससुलीने पापणी मिटून उघडली तोवर कुंडी काठीच्या टोकावर होती आणि हलकेच डुलत होती.

“काप आता,” आत्या खिडकीतून म्हणाली. “पोस्टमास्तर केव्हाचे निघाले असतील.”

ससुलीने दांडा तिरका कापला. कात्री सरळ चालली.

७

चषक आत्याला मिळाला. पोस्टमास्तरांनी फुलाभोवती फिरून फिरून कुरतडलेली एक तरी पाकळी शोधली, सापडली नाही, तेव्हा टोपी काढून आत्याच्या चाकाच्या खुर्चीला सलाम ठोकला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी तुमची ही शिस्त मला उसनी द्या. आत्या म्हणाली, ती आपणहून आली तर घ्या. सभागृहातले सगळे हसले. ससुलीही हसली, जरा उशिराने.

बाबा आले होते. लेकीचा उन्हाने रापलेला चेहरा, नखांतली माती, फूल सांभाळत गर्दीतून पुढे जाणं, हे सगळं त्यांनी कोपऱ्यात उभं राहून पाहिलं होतं. त्यांनी हात पुढे केला. या वेळी टाळी तिने दिली.

बहर ओसरून कंद काढून झाले, तेव्हा निघताना आत्याने तिला एक खोकं दिलं. लाकडाच्या भुशात ठेवलेला हेडबाईचा एक कंद, आणि कागदात गुंडाळलेली एक जुनी छोटी कुंडी.

“काठी कंदाबरोबरच रोवायची, नंतर नाही. नंतर रोवली तर कंदाला भोक पडतं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आणि काठी उघडी ठेवू नकोस.”

ससुलीला विचारायचं होतं. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या शब्दकोडं शोधत होती. ते तिच्याच मांडीवर होतं.

८

नव्या शहरात तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल, पिवळ्या टोपीचा तो दिवा (आत्याने तोही देऊन टाकला होता), आणि दाराबाहेर हात पसरले तर संपेल एवढी बाल्कनी. काम तिला मनापासून आवडलं. कचेरीतली माणसं गमतीशीर होती. तिथे तिला कुणी ससुली म्हणत नसे.

लावणीचे दिवस आले तेव्हा तिने मोठ्या टबात कंद लावला, शेजारी काठी रोवली आणि टोकावर कुंडी घातली. रोज सकाळी ती कुंडीत हात घालून बघायची. गार असायची. गार असली की बरं वाटायचं, आणि जरासं वाईटही.

बाबा पहिल्यांदाच राहायला आले, त्या दिवशी पहाटेपासून आभाळ भरलेलं होतं. ते चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले. टबात हिरवा कोंब बोटभरही वर आला नव्हता आणि त्याच्या डोक्यावर कमरेएवढी काठी नि टोपी. बाबांना हसू आवरेना. झाडाचा पत्ता नाही आणि आधीच टोपी शिवली, अगदी ताईवर गेलीस, असं काहीबाही बोलत त्यांनी दुसऱ्या हाताने कुंडी उचलली. त्यांचं हसणं अर्ध्यावर थांबलं.

“अगं,” ते म्हणाले, “ही गरम आहे.”

ससुली आपला कप घेऊन बाहेर आली. तिने आभाळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातून कुंडी हळूच घेतली, दबलेल्या गवतावर अंगठा फिरवला, आणि ती पुन्हा काठीवर नीट, सरळ बसवली.

“ऊन लागलं असेल,” ती म्हणाली.

तेवढ्यात आतून, खोलीतून, आवाज आला. टक्.

बाबांच्या हातातला कप सांडला. ससुलीच्या हातातला नाही. असू दे बाबा, मी पुसते, असं म्हणून ती फडकं आणायला वळली. आणि दारातून आत जाताना, समोरून कुणी बाहेर येत असावं तशी, अदबीने जराशी बाजूला झाली.